पर्सनल मॅक्रो वर्कबुक दिसेनासे झाले आहे : दुरुस्ती आणि बॅकअप

खानापूरचा लेखनिक

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका पतसंस्थेत हिशेबाचे काम पाहतो. आमचे सभासद मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषा बोलणारे असल्यामुळे पावत्या, ठेवींची पत्रे आणि कर्जाच्या नोटिसा दोन्ही भाषांत काढाव्या लागतात. या कामासाठी मी एक्सेलमध्ये हळूहळू बरेच मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणारे छोटे आज्ञासंच, जमवले आहेत. आकड्यातील रक्कम अक्षरी लिहिणे, लाख-कोटींच्या पद्धतीने स्वल्पविराम देणे, गुंठ्यांचे एकर करणे, व्याजाचा तक्ता छपाईसाठी तयार करणे अशी कामे ते करतात. कोणतीही फाइल उघडली तरी ते हाताशी असावेत म्हणून सर्व मॅक्रो पर्सनल मॅक्रो वर्कबुकात, म्हणजे पर्सनल.एक्सएलएसबी या फाइलीत ठेवले आहेत.

काल काम चालू असताना वीज गेली आणि यूपीएसनेही साथ दिली नाही. आज सकाळी आल्ट + एफ८ दाबले, तर मॅक्रोंची यादी रिकामी आहे. आल्ट + एफ११ दाबून मॅक्रो लिहिण्याचा संपादक उघडला, तर डावीकडच्या यादीत पर्सनलचे नावच नाही. वरच्या पट्टीवरचे बटण दाबले की, मॅक्रो चालवता येत नाही, तो या वर्कबुकात उपलब्ध नसावा किंवा सर्व मॅक्रो बंद केलेले असावेत, असा संदेश येतो. सुरक्षेच्या सेटिंगला मी हात लावलेला नाही. संगणकावर विंडोज १० आणि एक्सेल २०१६ आहे. जुन्या संगणकावर या फाइलीची एक प्रत आहे, पण तिच्यात अक्षरी रकमेसाठी लागणारा कन्नड अंकांचा तक्ता नाही. फाइल नष्ट झाली असेल, की ती जागेवर असूनही एक्सेल उघडत नसेल? मार्चअखेरीचे काम तोंडावर आहे, म्हणून जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बेळगावचा लेखापाल

फाइल बहुधा जागेवरच आहे. मात्र ती सापडेपर्यंत नवीन मॅक्रो रेकॉर्ड करून पर्सनलमध्ये साठवू नका. त्या जागी फाइल नसेल, तर एक्सेल त्याच नावाची नवी कोरी फाइल तयार करते, आणि मग जुनी कोणती व नवी कोणती हा घोळ निस्तरण्यात वेळ जातो.

प्रथम फाइलीचा पत्ता काढा. संपादकात कंट्रोल + जी दाबले की खाली इमिजिएट विंडो उघडते. तिथे प्रश्नचिन्ह देऊन त्यापुढे ॲप्लिकेशन.स्टार्टअपपाथ असे रोमन लिपीत लिहा आणि एंटर दाबा. एक्सेल सुरू होताना ज्या फोल्डरमधील फाइली आपोआप उघडते, त्याचा पूर्ण पत्ता पुढच्या ओळीत उमटेल. साधारणपणे तो सी ड्राइव्हवर यूजर्स, मग तुमचे वापरकर्ता नाव, मग ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, एक्सेल आणि शेवटी एक्सएलस्टार्ट असा असतो. ॲपडेटा हे फोल्डर विंडोज लपवून ठेवते, त्यामुळे माऊसने शोधत गेल्यास ते सापडत नाही आणि फाइल गेली असा समज होतो. उमटलेला पत्ता कॉपी करून फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या जागी चिकटवा.

फाइल तिथे असेल, तर आधी एक्सेल पूर्ण बंद करा, तिची एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर घ्या, आणि त्यानंतरच दुरुस्तीला लागा. एक्सेल मध्येच बंद पडले, तर त्या वेळी उघड्या असलेल्या फाइलीवर संशय घेऊन ते तिला निष्क्रिय यादीत टाकते. पर्सनल तर नेहमीच उघडी असते, त्यामुळे तिच्यावर ही पाळी वारंवार येते. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स या मार्गाने जा. तळाशी मॅनेज असे लिहिलेल्या चौकटीत डिसेबल्ड आयटम्स निवडून गो दाबा. यादीत पर्सनलचे नाव दिसले, तर ते निवडून एनेबल करा आणि एक्सेल बंद करून पुन्हा उघडा.

खानापूरचा लेखनिक

आपल्या सूचनेप्रमाणे पाहिले. फाइल एक्सएलस्टार्टमध्ये होती आणि निष्क्रिय यादीत तिचे नावही होते. प्रत काढून घेतली, नाव सक्रिय केले, आणि आता सर्व मॅक्रो चालत आहेत. मनापासून आभार. मराठी आणि कन्नड अंकांचे तक्ते शाबूत आहेत का हे पाहण्यासाठी व्ह्यू, अनहाइड या मार्गाने फाइल उघडी केली. ते दोन्ही जसेच्या तसे आहेत. परंतु आता एक्सेल सुरू केले की कामाच्या फाइलीऐवजी तीच समोर येते.

बेळगावचा लेखापाल

ती खिडकी समोर असताना व्ह्यू, हाइड करा आणि एक्सेल बंद करा. बंद करताना पर्सनल मॅक्रो वर्कबुकातील बदल जतन करायचे का, असे विचारले जाईल, त्याला होकार द्या. लपवलेली अवस्थाही फाइलीबरोबरच जतन होते, त्यामुळे तिथे नकार दिला, तर उद्या ती पुन्हा समोर येईल.

हाच प्रश्न एरवीही मोलाचा आहे. मॅक्रोत केलेला बदल कामाची फाइल जतन केल्याने पर्सनलमध्ये जतन होत नाही. दिवसभर एक्सेल उघडे ठेवून संध्याकाळी बंद करणाऱ्याचा बदल तोवर केवळ संगणकाच्या स्मृतीत असतो, आणि आपल्या भागात वीज कधी जाईल याचा भरवसा नाही. म्हणून मॅक्रो लिहून झाला की संपादकात डावीकडे पर्सनलचा प्रकल्प निवडा आणि तिथेच कंट्रोल + एस दाबा.

निपाणीकर

माझी अडचण याला लागूनच आहे. आमच्याकडे तंबाखूच्या खरेदी-विक्रीचा हिशेब दुसऱ्या एका सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि त्यातून पत्रक एक्सेलमध्ये काढता येते. असे काढलेले पत्रक उघडले की कधी कधी माझे मॅक्रो दिसत नाहीत. मग मी स्टार्ट मेनूतून एक्सेल वेगळे उघडतो, तेव्हा ते दिसतात. काही वेळा मात्र पर्सनल.एक्सएलएसबी ही फाइल दुसऱ्याने उघडलेली असून ती केवळ वाचता येईल, असा संदेश येतो, आणि तो दुसरा म्हणून माझेच नाव दाखवले जाते. संगणक तर मी एकटाच वापरतो.

बेळगावचा लेखापाल

निपाणीकर काका, या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एखादे सॉफ्टवेअर जेव्हा स्वतः एक्सेल चालू करून त्यात पत्रक भरते, तेव्हा ते एक्सेल एक्सएलस्टार्टमधील फाइली उघडत नाही. त्यामुळे त्या खिडकीत मॅक्रो नसणे स्वाभाविक आहे, तिथे दुरुस्त करण्यासारखे काही नाही. पत्रक जतन करा, ती खिडकी बंद करा आणि नेहमीच्या एक्सेलमधून पत्रक उघडा.

फाइल दुसऱ्याने उघडल्याचा संदेश येतो, तेव्हा एक्सेलच्या दोन स्वतंत्र प्रक्रिया एकाच वेळी चालू असतात. पहिलीने पर्सनल उघडून ताब्यात ठेवलेली असते, म्हणून दुसरीला ती केवळ वाचण्यापुरती मिळते. पुष्कळदा पहिलीची खिडकी बंद झालेली असूनही प्रक्रिया मागे तशीच राहते. कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. सर्व कामे जतन करून एक्सेल बंद केल्यावरही तिथे त्याचे नाव दिसत असेल, तर ते निवडून एंड टास्क करा. त्या संदेशाला रीड ओन्ली असे उत्तर देऊन काम चालवता येते आणि मॅक्रोही चालतात, पण त्या सत्रात मॅक्रोत केलेली सुधारणा मूळ फाइलीत जतन होत नाही.

चिकोडीची शिक्षिका

लेखनिक दादांची फाइल सापडली हे वाचून बरे वाटले. बॅकअपविषयी विचारायचे आहे. मी मराठी माध्यमाच्या शाळेत निकालपत्रके करते. मॅक्रोंचा बॅकअप म्हणून मी प्रत्येक मॉड्यूलवर, म्हणजे मॅक्रोंचा मजकूर ज्यात असतो त्या भागावर, उजवे बटण दाबून एक्स्पोर्ट करते आणि मिळालेल्या बीएएस फाइली पेनड्राइव्हवर ठेवते. एवढे पुरेसे आहे का? दुसरे असे की, मॅक्रोत ‘उत्तीर्ण’ किंवा ‘श्रेणी’ असे शब्द थेट लिहिले की त्यांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. विंडोजची भाषा मराठी करूनही फरक पडला नाही.

बेळगावचा लेखापाल

ताई, तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकमेकांत गुंतलेले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मॅक्रो लिहिण्याचा संपादक जुन्या पद्धतीचा आहे आणि तो युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या समान संकेतपद्धतीतली, अक्षरे साठवू शकत नाही. तो विंडोजमधील बिगर-युनिकोड प्रोग्रॅमसाठी निवडलेल्या कोडपेजवर, म्हणजे ठरावीक लिप्यांच्या अक्षरांच्या जुन्या संकेततक्त्यावर, अवलंबून असतो. रशियन किंवा ग्रीकसाठी अशी कोडपेजे आहेत. मराठीसाठीही नाही आणि कन्नडसाठीही नाही, कारण विंडोजमध्ये या भाषांचा आधार प्रथमपासून युनिकोडवरच आहे. म्हणून भाषा बदलून उपयोग होत नाही. जुन्या काळी, बिगर-युनिकोड फाँट वापरून काम करणाऱ्यांना ही अडचण आली नाही, कारण त्या फाँटमधले मराठी अक्षर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरच असे.

यावरचा चांगला उपाय म्हणजे शब्द मॅक्रोत न लिहिता पानावरच्या घरांत, म्हणजे सेलमध्ये, लिहावेत आणि मॅक्रोने ते तिथून उचलावेत. पर्सनल.एक्सएलएसबी हे साधे वर्कबुकच असल्यामुळे त्यात पाने असतात, आणि पानावरच्या घरांत देवनागरी, कन्नड सर्व काही नीट राहते. लेखनिकांनी अंकांचे तक्ते असेच ठेवले असणार. रक्कम अक्षरी लिहिताना मराठीत शून्य ते नव्याण्णव अशा शंभरही ओळी हाताने भराव्या लागतात, कारण एकोणसाठ, त्रेसष्ट, एकोणऐंशी ही रूपे नियमाने जोडून तयार करता येत नाहीत. कन्नडमध्ये इप्पत्तु आणि ओंदु मिळून इप्पत्तोंदु होते, त्यामुळे दशक आणि एकक जोडणारा मॅक्रो लिहिता येईल. पण संधीचे नियम सांभाळत बसण्यापेक्षा मराठीच्या शेजारच्या स्तंभात शंभर ओळी भरणेच मला अधिक खात्रीचे वाटते. मॅक्रोने ओळीचा क्रमांक काढायचा आणि पावती ज्या भाषेची असेल, त्या स्तंभातला शब्द घ्यायचा. लाखांच्या पुढच्या रकमेचे कोटी, लाख, हजार, शेकडा आणि उरलेले दोन अंक असे तुकडे पाडले की हाच तक्ता प्रत्येक तुकड्याला लागू पडतो.

हे पान वाचणाऱ्या मॅक्रोत थिसवर्कबुक हा शब्द वापरावा लागतो, कारण त्याचा अर्थ मॅक्रो ज्या फाइलीत आहे ती फाइल. ज्या पावतीवर काम चालू आहे, तिच्यासाठी ॲक्टिव्हवर्कबुक वापरावे. कामाच्या फाइलीतला मॅक्रो पर्सनलमध्ये हलवल्यानंतर पुष्कळांची गाडी इथेच अडते: मॅक्रो काहीही तक्रार न करता चालतो, पण बदल समोरच्या फाइलीत न होता लपलेल्या पर्सनलमध्ये होतो.

आता बॅकअपकडे येतो. एक्स्पोर्ट केलेल्या बीएएस फाइलीत केवळ त्या मॉड्यूलचा मजकूर असतो. पानावरचे तक्ते तिच्यात येत नाहीत. म्हणजे लेखनिकांनी केवळ बीएएस फाइली ठेवल्या असत्या, तर मॅक्रो परत मिळाले असते आणि ते ज्या दोनशे शब्दांवर चालतात, ते सगळे पुन्हा टंकावे लागले असते. मॅक्रोसाठी माहिती भरायचा फॉर्म केलेला असेल, तर तो एफआरएम आणि एफआरएक्स अशा दोन फाइलींत बाहेर पडतो, आणि त्या दोन्ही एकत्र ठेवल्या तरच तो परत घेता येतो. संपादकाच्या यादीत थिसवर्कबुक याच नावाचे एक मॉड्यूलही असते, त्यातील मजकूर सीएलएस फाइल म्हणून बाहेर पडतो. परत घेताना तो आपल्या जागी न जाता वेगळे क्लास मॉड्यूल होऊन बसतो, म्हणून तो उघडून हाताने चिकटवावा लागतो. एक्स्पोर्टचा फायदाही सांगितला पाहिजे. मॅक्रोला दिलेला कंट्रोल + शिफ्टचा शॉर्टकट त्या फाइलीत एका ओळीत नोंदलेला असतो, जी संपादकात दिसत नाही. मॉड्यूल इंपोर्ट केले की शॉर्टकट परत मिळतो. नुसता मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला, तर मिळत नाही.

त्यामुळे माझे मत असे आहे की, पूर्ण पर्सनल.एक्सएलएसबी फाइलीची प्रत हाच मुख्य बॅकअप समजावा. बीएएस फाइली त्याच्या जोडीला जरूर ठेवाव्यात, कारण मूळ फाइल कधी बिघडली आणि एक्सेलच्या ओपन अँड रिपेअर या दुरुस्तीच्या सोयीनेही उघडली नाही, तर निदान मजकूर हाती राहतो.

अथणीकर

मी ही फाइल वनड्राइव्हमध्ये आपोआप जाते असे धरून चाललो होतो. फोल्डरचे नाव रोमिंग असल्यामुळे ती इंटरनेटवर जात असावी असे वाटले. तसे आहे का?

बेळगावचा लेखापाल

नाही. वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांचा असतो आणि ॲपडेटा त्यात येत नाही. रोमिंग या नावाचा संबंध मोठ्या कार्यालयांतील सर्व्हरवर ठेवलेल्या वापरकर्ता-खात्यांशी आहे; घरच्या किंवा छोट्या संस्थेच्या संगणकावर ते फोल्डर त्याच डिस्कवर राहते. नवीन विंडोज टाकण्यासाठी संगणक दुरुस्तीला देताना आपण दुकानदाराला डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स जपायला सांगतो, आणि पर्सनल नेमकी त्याच वेळी जाते. विंडोजचे नुकतेच अपग्रेड झाले असेल, तर सी ड्राइव्हवर विंडोज.ओल्ड हे फोल्डर पाहावे. जुन्या यूजर्समधून फाइल उचलता येते, पण ते फोल्डर अपग्रेडनंतर १० दिवसांनी विंडोज आपोआप काढून टाकते.

प्रत आपोआप निघावी अशी सोय फाइलीतच करता येते. पर्सनलच्या थिसवर्कबुकमध्ये वर्कबुक_ओपन या, फाइल उघडताच आपोआप चालणाऱ्या घटनेत सेव्हकॉपीॲज ही प्रत जतन करणारी आज्ञा द्यावी आणि नावात फॉरमॅट या फंक्शनने वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख घालावी. तारीख थेट जोडू नये, कारण आपल्याकडे ती बहुधा तिरप्या रेघांनी लिहिली जाते आणि फाइलीच्या नावात तिरपी रेघ चालत नाही. त्या तारखेची प्रत आधीच असेल, तर आज्ञा वगळावी. प्रत एक्सेल उघडताना घेण्याचे कारण असे की, तेव्हा फाइल शेवटच्या जतन केलेल्या अवस्थेत असते आणि दिवसभरातली अर्धवट सुधारणा प्रतीत येत नाही. ही प्रत डॉक्युमेंट्समधील एखाद्या फोल्डरमध्ये ठेवली, तर ती वनड्राइव्हमध्येही जाईल. पेनड्राइव्हचा पत्ता देणार असाल, तर तो लावलेला नसतानाही एक्सेल अडकू नये म्हणून आधी डीआयआर फंक्शनने फोल्डर आहे का हे तपासून घ्यावे.

एक खबरदारी मात्र सर्वांनी घ्यावी. बॅकअपची प्रत कोणत्याही परिस्थितीत एक्सएलस्टार्टमध्ये ठेवू नका. त्या फोल्डरमधील प्रत्येक फाइल एक्सेल सुरू होताना उघडली जाते. मग जुनी आणि नवी पर्सनल दोन्ही उघडतात, यादीत एकाच नावाचे मॅक्रो दोनदा दिसतात, आणि आपण सुधारणा एका फाइलीत करतो तर बटण दुसरीतला मॅक्रो चालवते.

चिकोडीची शिक्षिका

तारखेच्या नावाची प्रत काढून पाहिली. ती उघडली, तर मॅक्रो बंद केल्याची लाल पट्टी आली. पेनड्राइव्हवरून घेतलेली प्रत मात्र नीट उघडली. लाल पट्टी आलेली प्रत मी स्वतःच्या ईमेलवर पाठवून तिथून उतरवली होती.

बेळगावचा लेखापाल

ताई, इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलीवर विंडोज तशी खूण करून ठेवते, आणि २०२२ पासून ऑफिस अशा फाइलींतले मॅक्रो सरसकट रोखते. फाइल आपलीच आहे याची खात्री असल्यामुळे तिच्यावर उजवे बटण दाबा, प्रॉपर्टीज उघडा, खाली अनब्लॉकवर खूण करा आणि मग उघडा.

या निमित्ताने लेखनिकांना एक विनंती आहे. तुमच्या पर्सनलमध्ये सभासदांची नावे, खाते क्रमांक किंवा पत्ते यांचे पान असेल, तर ते तिथून काढून संस्थेच्या फाइलीत ठेवा. मॅक्रोंची फाइल आपण मदतीसाठी सहज कोणालाही पाठवतो, आणि पान लपलेले असल्यामुळे ते सोबत गेल्याचे लक्षातही येत नाही.

खानापूरचा लेखनिक

तशी एक यादी होती, ती आज हलवली. नंतर संस्थेतल्या दुसऱ्या संगणकावर बॅकअप परत घेऊन पाहिला. तारखेची प्रत तिथल्या एक्सएलस्टार्टमध्ये ठेवून तिचे नाव पुन्हा पर्सनल.एक्सएलएसबी केले. आल्ट + एफ८ मध्ये सर्व मॅक्रो आले आणि दोन्ही तक्तेही आले. एका ठेवपत्रावर दोन्ही भाषांत रक्कम बरोबर उमटली. वरच्या पट्टीवरची बटणे मात्र आली नाहीत. ऑप्शन्समधून ती एक्स्पोर्ट करून या संगणकावर घेतली, तेव्हा दिसू लागली, पण दाबल्यावर जुन्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये फाइल शोधतात.

बेळगावचा लेखापाल

बटणांची मांडणी पर्सनलमध्ये नसते, ती ऑफिसच्या वेगळ्या फाइलीत असते, आणि तिच्यात मॅक्रोचा पत्ता वापरकर्ता नावासकट लिहिलेला असतो. दोन्ही संगणकांवर विंडोजचे वापरकर्ता नाव वेगळे असल्यामुळे तो पत्ता चुकतो. एक्स्पोर्ट केलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडून जुने नाव बदलता येते, परंतु बटणे थोडीच असतील, तर ती काढून नव्याने जोडणे सोपे आहे. बॅकअपच्या फोल्डरमध्ये ही तिसरी फाइलही ठेवा. तुमच्याच संगणकावर विंडोज नव्याने टाकले आणि वापरकर्ता नाव तेच ठेवले, तर ती जशीच्या तशी उपयोगी पडेल.

अथणीकर

एक शेवटची शंका. अक्षरी रकमेचे मी फंक्शन केले आहे आणि ते थेट घरात वापरतो. माझ्याकडे ते नीट दिसते, पण पत्रक लेखापरीक्षकांकडे गेले की अक्षरी रकमेच्या जागी #NAME? ही चूक दिसते.

बेळगावचा लेखापाल

पर्सनलमधील फंक्शन घरात वापरले की सूत्रात त्याच्या आधी पर्सनल.एक्सएलएसबी आणि उद्गारचिन्ह येते, म्हणजे ते सूत्र तुमच्या संगणकावरच्या फाइलीवर अवलंबून असते. बाहेर पाठवायच्या पत्रकात ते घर कॉपी करून पेस्ट स्पेशलने केवळ मूल्य ठेवावे. कार्यालयातल्या सहकाऱ्यांनाही हे फंक्शन वापरायचे असेल, तर ते आणि त्याच्या तक्त्याचे पान एका वेगळ्या वर्कबुकात घेऊन ते एक्सेल ॲड-इन, म्हणजे एक्सेलला जोडता येणारी पूरक फाइल, या प्रकारात जतन करावे आणि प्रत्येकाच्या संगणकावर ॲड-इन्सच्या यादीतून चालू करावे. ॲड-इनमध्येही पाने राहतात, फक्त दिसत नाहीत, त्यामुळे तक्ता सोबत जातो. ॲड-इनमधील फंक्शनला आधी फाइलीचे नाव लावावे लागत नाही. जुन्या पत्रकांतील सूत्रांमधून पर्सनल.एक्सएलएसबी आणि उद्गारचिन्ह एवढा भाग कंट्रोल + एच वापरून रिकाम्या जागेने बदलला की तीही चालू लागतील. मात्र त्याआधी ते फंक्शन पर्सनलमधून काढून टाका.